धावणं, घर आणि गॅलरीतलं टेबल : तुम्ही तिन्ही कसं सांभाळता?

माळवी_पाऊल

नमस्कार मंडळी,

धावण्यावर इथे वेगळे धागे आहेत, इलेक्ट्रॉनिक्सवर वेगळे, मुलं आणि घर यांवर तर विचारूच नका. पण ज्याच्या डोक्यात हे तिन्ही एकाच वेळी चालू असतं त्याने कुठे बोलावं? म्हणून हा धागा काढतोय.

राहतो इंदूरला, सुदामा नगरात. नोकरी सुपर कॉरिडॉरवर. घरी आई, बायको (तीही नोकरी करते) आणि तिसरीतली मुलगी. आठवड्यातून चारदा धावतो, सध्या हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे. आणि गॅलरीच्या कोपऱ्यात एक टेबल आहे: सोल्डरिंग आयर्न (डाग द्यायची गरम कांडी), मल्टीमीटर, जेल रोड आणि महाराणी रोडवरून जमवलेल्या सुट्या भागांचे डबे.

बऱ्याच विचारानंतर माझं मत असं झालंय की या तिघांत भांडण तासांचं नाहीच. आठवड्याला धावण्याचे तास आणि टेबलाचे तास जवळपास सारखेच भरतात. तरी घरात धावण्याबद्दल कधी कुरबूर नसते, टेबलाबद्दल असते. कारण साधं आहे. धावण्याला शेवट असतो. दहा किलोमीटरला निघालो की पावणेसातला दारात असणार, हे आईलासुद्धा पाठ आहे. टेबलाला शेवट नसतो. "एवढं एक चालू झालं की आलोच" म्हणणारा माणूस पाच मिनिटांत येईल की दीड तासाने, हे त्यालाही ठाऊक नसतं. घरच्यांना तुमचं नसणं फार बोचत नाही. तुम्ही नक्की कधी असणार आहात हे न कळणं बोचतं. पानं वाढून ठेवायची की झाकून ठेवायची, मुलीला गोष्ट कोण सांगणार, सगळं लटकून राहतं.

म्हणून मी टेबलाला शेवट लावला. बसण्याआधी वहीत एकच ओळ लिहितो: आज काय करणार. "सेन्सरचे आकडे स्क्रीनवर दिसणे", बस, एवढंच. आणि उठायच्या आधीची दहा मिनिटं फक्त टिपणासाठी. कुठली वायर कुठल्या पिनला आहे, कुठे अडलंय, पुढच्या वेळी पहिलं काय करायचं. खुर्चीतून उठवत नाही ते आवडीमुळे कमी आणि "आता उठलो तर डोक्यात जुळलेलं सगळं विस्कटेल" या धास्तीमुळे जास्त. ते कागदावर उतरलं की माणूस जेवायला शांतपणे येतो.

दुसरा नियम झोपेचा. मोठ्या माणसाला रात्रीची सात तास तरी झोप हवी, आणि हे तिन्ही छंद-संसार त्याच गल्ल्यातून पैसे काढतात. पहाटे लांब पल्ला असेल तर आदल्या रात्री जेवणानंतर टेबल बंद.

आता सध्याचं काम सांगतो, कारण त्यात तिन्ही गोष्टी एकत्र आल्यात. इंदूरच्या हिवाळ्यात पहाट धावायला सुंदर असते, किमान तापमान आठ-दहा अंशांपर्यंत उतरतं. पण नेमकी तेव्हाच हवा जड असते. जमिनीलगतची हवा थंड, वरची त्याहून उबदार, त्यामुळे धूर आणि धूळ खालीच कोंडून राहते. ऊन तापून हवा वरखाली मिसळली की प्रदूषणाचा आकडा उतरतो. म्हणून गॅलरीत एसडीएस-०११ हा धुळीचा सेन्सर लावलाय, ईएसपी-३२ (वायफाय असलेला छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) त्याचे आकडे घरातल्या जुन्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाकडे पाठवतो. आपल्याकडे पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली १५ आहे. मी मोबाइलवर आलेख बघत बसत नाही. चपलांच्या रॅकवर एक छोटा दिवा आहे: हिरवा, पिवळा, लाल. लाल असेल तर धाव संध्याकाळवर जाते किंवा घरातच व्यायाम. आईसुद्धा सकाळी देवळात जायच्या आधी तो दिवा बघते, आणि मला या अख्ख्या प्रकल्पातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटते.

तुमचं कसं चालतं ते लिहा. वेळापत्रक नको, विचार सांगा.

रेसिडेन्सी_राऊंड

मस्त धागा भिया. शेवट असलेलं आणि शेवट नसलेलं काम, हे एकदम पटलं. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्स नाही, जुन्या स्कूटरी खोलतो. पण इंजिन एकदा उघडलं की तेच होतं.

रविवारी रालामंडलच्या टेकडीवर चढाईचा सराव असतो. परत येताना घरच्यांसाठी पोहे-जलेबी बांधून आणायची, वरून जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) वेगळं. या एका सवयीने लांब पल्ल्याला घरातून परवानगी लागत नाही.

शुक्रतारा

चांगलं लिहिलंय, पण काही प्रश्न आहेत, मनापासून विचारते.

धावण्याला शेवट असतो म्हणून घर कुरबुरत नाही, असं तुम्ही म्हणता. पावणेसातपर्यंत घरात डबा कोण करतं? मुलीला उठवतं कोण? शाळेची व्हॅन सात-सव्वासातला येत असेल ना? पुरुष धावून परत येतो तेव्हा घर चालू झालेलं असतं. मी धावायला जाते तेव्हा घर मी येईपर्यंत थांबलेलं असतं. शेवट माझ्याही धावण्याला आहे. पण त्या शेवटाला माझ्यासाठी कामांचा ढीग रचून ठेवलेला असतो.

दुसरं, पहाट. जानेवारीत इथे सूर्य उगवतो सात-सव्वासातच्या सुमाराला. म्हणजे "पहाटे साडेपाचला निघा" हा सल्ला बाईसाठी दीड तास अंधारात एकटं पळण्याचा सल्ला आहे. कुत्री वेगळीच. धावण्याच्या प्रत्येक लेखात पहाटेचं कौतुक असतं आणि ते लिहिणारा बहुतेक वेळा पुरुष असतो. मी आधी सुपर कॉरिडॉरवर जाऊन बघितलं. रस्ता रुंद आणि मोकळा, पण त्या मोकळेपणाचीच भीती वाटते. आता तिघी-चौघी मिळून जातो, संध्याकाळी, नेहरू स्टेडियमच्या बाजूला, जिथे माणसांची वर्दळ असते. आणि तेवढा वेळ नवरा स्वयंपाकघरात असतो. "मदत करतो" असं नव्हे. त्या दिवसाचा स्वयंपाक त्याचाच असतो, काय करायचं हेही तोच ठरवतो. भाजी काय करू, असा फोन मला धावताना येत नाही. हे घडवून आणायला धावण्याच्या सरावापेक्षा जास्त दम लागला.

माळवी_पाऊल

शुक्रतारा, प्रश्न रास्त आहेत, सरळ उत्तर देतो. ज्या दिवशी मी पहाटे धावतो त्याच्या आदल्या रात्री कणीक मळून ठेवणं, भाजी चिरणं आणि ओटा आवरणं माझ्याकडे. सकाळी फोडणी घालणं आणि मुलीला उठवणं बायकोकडे. उरलेल्या तीन दिवशी सकाळ पूर्ण माझी, आणि ती त्या वेळात रियाज करते. तिच्या गाण्याचे आणि माझ्या धावण्याचे तास कॅलेंडरवर शेजारी शेजारी लिहिलेले असतात. ते सारखे भरले पाहिजेत, यावर आमच्यात वाद नाही.

अंधाराबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते प्रत्येक धावणाऱ्या गटाने वाचावं. आमच्या गटात हिवाळ्यात सकाळी साडेसातची दुसरी तुकडी सुरू करा, असं मी सुचवणार आहे. हवेच्या दृष्टीनेही ते वाईट नाही, थोडं ऊन आलेलं असतं.

दिव्याची_कळ

मी धावत नाही आणि सोल्डरिंगही करत नाही. माझा नवरा दोन्ही करतो. तेव्हा या धाग्यावर दुसऱ्या बाजूनेही कुणीतरी लिहावं म्हणून लिहिते.

घरात राहणाऱ्या माणसांवर प्रयोग करू नका. नवऱ्याने घरातले दिवे मोबाइलवरून चालू-बंद होतील असे केले. हौसेने केले, मलाही आवडलं. पण एका रात्री इंटरनेट गेलं आणि सासूबाई न्हाणीघराच्या बाहेर अंधारात कळ दाबत उभ्या राहिल्या. दिवा लागेना. त्या पडल्या नाहीत, पण पडू शकल्या असत्या. त्यानंतर आम्ही घरात काही गोष्टी ठरवल्या, त्या इथल्या सगळ्या हौशी लोकांनी लिहून घ्याव्यात अशी माझी इच्छा आहे.

भिंतीवरचं बटण नेहमी, कुठल्याही परिस्थितीत चाललं पाहिजे. हे अवघड नाही. जिन्याच्या दिव्याला वर आणि खाली दोन बटणं असतात, तसंच टू-वे वायरिंग करायचं. एका बाजूला माणसाचं बटण, दुसऱ्या बाजूला यंत्राचं. यंत्र मेलं तरी माणसाचं बटण जिवंत. आणि यंत्राचा हुकूम घरातल्या घरातच फिरला पाहिजे, बाहेरच्या कुठल्या सर्व्हरला विचारून दिवा लागता कामा नये. आता आमच्याकडे होम असिस्टंट (घरातली यंत्रं चालवणारी प्रणाली) घरातल्याच छोट्या संगणकावर चालतं, इंटरनेट असो वा नसो.

आणखी एक, ज्याचा विचार यजमान लोक करत नाहीत. तो शर्यतीसाठी बाहेरगावी गेला आणि घरात काही बंद पडलं तर? सगळं ज्ञान एकट्याच्या डोक्यात असतं. म्हणून आमच्या फ्रिजवर एक कागद आहे, मराठीत, मोठ्या अक्षरांत: "काही बिघडलं तर हा प्लग काढा, सगळं जुन्यासारखं चालेल." हा कागद त्याने स्वतः लिहिला आणि सासूबाईंकडून तसं एकदा करून घेतलं. त्या दिवशी मला खरोखर वाटलं की याचा छंद आता घराचा झाला.

शुक्रतारा

दिव्याची_कळ, कागदाची कल्पना उचलते आहे. आमच्याकडे पाण्याच्या मोटारीला असंच काहीतरी लावलंय आणि ते मला उमगत नाही.

निवृत्त_तंत्रज्ञ

मुलांनो, उशिरा आलो. आयुष्य प्रयोगशाळेत गेलं, आता नातवंडांबरोबर टेबलावर बसतो. धावणं माझ्या गुडघ्यांनी सोडलं, सकाळी पिपल्यापालाला तळ्याच्या कडेने चालतो.

माळवी_पाऊल, वहीची सवय उत्तम. आमच्याकडे नोंदवहीत पान फाडायला मनाई असे, चुकलेलं खोडायलाही नाही, फक्त एक रेघ मारायची. कारण चुकलेलंच पुढे कामाला येतं. तुमच्या टिपणात एक भर घाला: वायरला चिकटपट्टीचं लेबल. रंगावर विसंबू नका, महिन्याभराने लाल वायर कुठली ते आठवत नाही.

आता जे लिहितो ते जरा कडक आहे. घरात लहान मूल असताना टेबल गॅलरीत असो नाहीतर खोलीत, काही गोष्टींना सूट नाही.

शिसं. नेहमीचं सोल्डर कथिल आणि शिशाचं असतं, त्रेसष्ट-सदतीसचं १८३ अंशांना वितळतं. त्यातून निघणारा धूर शिशाचा नसतो, तो फ्लक्सचा, म्हणजे सोल्डरमधल्या राळेचा असतो. तो छातीला वाईटच, विशेषतः धावणाऱ्याच्या, म्हणून पंखा बाहेरच्या दिशेने लावा. शिसं मात्र हातावरून पोटात जातं. त्या टेबलावर चहाचा कप नको, शेव-परमल नको. उठल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलाला जवळ घ्यायचं नाही. शिसं नसलेलं सोल्डर मिळतं, ते २१७ अंशांच्या आसपास वितळतं, जोड जरा रखरखीत दिसतो. नातवंडं बसतात तेव्हा मी तेच वापरतो.

बॅटरी. १८६५० चा (लॅपटॉपमध्ये असतो तो नळकांड्यासारखा) लिथियम सेल ४.२ व्होल्टपर्यंतच भरायचा. टीपी-४०५६ चं स्वस्त चार्जिंग मॉड्यूल ते काम करतं, पण बाजारात ते दोन प्रकारचं मिळतं, संरक्षण सर्किट असलेलं आणि नसलेलं. असलेलंच घ्या. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, फुगलेले, दबलेले सेल वापरू नका. आणि चार्जिंगला लावून झोपायला किंवा धावायला जायचं नाही. घरात कुणी जागं नसताना लिथियम भरायचं नाही, एवढंच.

बटण सेल. सीआर-२०३२ सारखा चकचकीत सेल लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथे गंभीर भाजतं. उलटी करवायची नाही, वाट बघायची नाही, तडक रुग्णालय. सुटे सेल मी झाकण फिरवायच्या बरणीत, कपाटाच्या वरच्या खणात ठेवतो.

पीथमपूर_शिफ्ट

सगळं वाचलं. पण इथे सगळ्यांचा आठवडा सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. माझा नाही. पीथमपूरला कारखान्यात आहे, शिफ्ट फिरत राहते. नाईट संपवून बसने सकाळी घरी, तेव्हा मुलगा शाळेत निघालेला असतो.

इंटरनेटवरचे सगळे ट्रेनिंग प्लॅन "मंगळवारी वेग, रविवारी लांब" असे असतात. ते फाडून टाकले. मी वारांऐवजी शिफ्टवर बांधतो. सकाळची शिफ्ट असते तेव्हा संध्याकाळी वेगाचा सराव, दुपारची असते तेव्हा सकाळी लांब पल्ला, आणि रात्रपाळीच्या दिवसांत फक्त हलकं, संध्याकाळी झोपून उठल्यावर, बोलता येईल अशा वेगाने. त्या दिवसांत शरीराकडून काही मागायचं नाही.

टेबलाचंही तेच. रात्रपाळीनंतर मी फक्त वाचतो, नाहीतर कोड लिहितो. २३० व्होल्टच्या कुठल्याही कामाला हात लावत नाही. कारखान्यात आम्हाला हे शिकवतात की रात्रपाळीच्या शेवटी हात नेहमीचेच असतात, लक्ष नेहमीचं नसतं. घरी तर शेजारी सुपरवायझरही नसतो.

मुलाबरोबर मात्र ठरलेली एक वेळ आहे आणि ती शिफ्ट कुठलीही असो, बदलत नाही: त्याला सायकल शिकवण्याची. इथे लिहिताना जाणवतंय की धावणं आणि टेबल दोन्ही सरकू शकतात, म्हणून सरकवतो. त्याची वेळ सरकवली की त्याला कळतं.

रेसिडेन्सी_राऊंड

शिफ्टवाल्या भावा, सलाम.

लोकमान्यनगरची

सणांचं कुणी बोललंच नाही! जानेवारी-फेब्रुवारीतल्या शर्यतीची तयारी बारा ते सोळा आठवड्यांची धरली तर ती सुरू होते ऑक्टोबरात, म्हणजे दिवाळी बरोबर मध्ये. आणि त्याआधी पाया घालायच्या दिवसांत गणपती, महालक्ष्म्या, अनंत चतुर्दशीच्या रात्रभरच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक), मग नवरात्र. ज्या घरात महालक्ष्म्या उभ्या राहतात त्या घरातल्या बाईला तीन दिवस धावायचं सुचणारही नाही, आणि पुरुषालाही सुचू नये.

मी शर्यतीच्या तारखेपासून उलटं मोजते. सणांचे आठवडे आधीच रंगवून ठेवते आणि तिथे हलका आठवडा टाकते. नाहीतरी दर तीन-चार आठवड्यांनी अंतर कमी करायचंच असतं, तो आठवडा सणावर पाडायचा. आठ-दहा दिवस कमी धावल्याने तयारी मातीत जात नाही. फराळाच्या आठवड्यात चोरून धावायला जाणाऱ्याने घरात जे गमावलं ते मात्र लवकर भरून येत नाही.

नवा_पळपुट्या

सगळ्यांना नमस्कार. कॉलेजात आहे, रामबागेत राहतो. धावायला नुकतीच सुरुवात केली. विचारायचं होतं की घड्याळ घेऊ का? मित्राचं घड्याळ हाफ मॅरेथॉनमध्ये २१.४ दाखवत होतं, म्हणजे आयोजकांनी जास्त पळवलं का? आणि थंडीत त्याच्या हृदयाचे ठोके हलक्या धावेतही १७० दाखवतात, ते खरं का?

माळवी_पाऊल

स्वागत! आयोजकांनी जास्त पळवलं असं नाही. हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटर. प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला मोजयंत्र लावून, वळणावर कडेने जाणारी सगळ्यात छोटी रेषा धरून मोजतात, आणि मार्ग चुकून कमी भरू नये म्हणून हजारात एक एवढी भर घालतात. आपण गर्दीत त्या रेषेवर कधीच धावत नाही. वर जीपीएसचे बिंदू इकडेतिकडे उडतात, झाडांखाली आणि उंच इमारतींजवळ जास्त. ते बिंदू जोडले की नागमोडी रेषा होते आणि अंतर वाढतं. सगळ्यांच्या घड्याळात थोडं जास्तच दिसतं.

ठोक्यांचं: मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश कातडीत सोडून रक्ताचा चढउतार बघतं. थंडीत मनगटाकडे रक्त कमी जातं, सिग्नल अशक्त होतो. अशा वेळी घड्याळ हाताच्या हेलकाव्यालाच ठोका समजू शकतं. मिनिटाला १७० पावलं पडत असतील तर ठोकेही १७० दिसतील. छातीचा पट्टा विद्युत सिग्नल मोजतो, तो जास्त भरवशाचा. आणि तुला टेबलाचीही हौस असेल तर सांगतो: बहुतेक पट्टे ब्लूटूथच्या ठरलेल्या पद्धतीने बोलतात, त्यामुळे ईएसपी-३२ वर थोडा कोड लिहून स्वतःचं यंत्र करता येतं.

पण आत्ता घड्याळ नकोच. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर वेग बरोबर आहे. सहा महिने तेवढं पुरे.

दिव्याची_कळ

माळवी_पाऊल, इथे मला तुम्हाला अडवायचं आहे.

तुमचं मूळ म्हणणं पटलं, धावण्याला शेवट असतो. पण आमच्या घरात मी जे पाहिलं ते असं: नवऱ्याने धावणं आणि संगणक जोडले, वेळ वाचेल म्हणून. झालं उलटं. तो सातला घरात येतो, पण धावणं साडेनऊपर्यंत चालूच असतं. फाइल उतरवायची, आलेख काढायचा, मागच्या महिन्याशी ताडून बघायचं. ज्या एका छंदाला शेवट होता त्यालाही टेबलाने स्वतःसारखं करून टाकलं. तुमचा चपलांजवळचा दिवा मला म्हणूनच आवडला, तो धावायच्या आधी बोलतो आणि गप्प बसतो. पण हा ठोक्यांचा पट्टा, हे यंत्र? त्याचा शेवट कुठे?

माळवी_पाऊल

फार नेमका प्रश्न. मी फरक असा करतो: यंत्राने मला एखादा निर्णय घ्यायला मदत केली पाहिजे. आज जायचं की नाही, एवढं दिव्याने सांगितलं, संपलं. धावून आल्यावरचा आकडा कुठलाच निर्णय देत नाही, तो फक्त बघावासा वाटतो. म्हणून माझी धावांची फाइल आपोआप साठते आणि मी ती रविवारी दुपारी, मुलगी आजीजवळ झोपलेली असते तेव्हा उघडतो. ठोक्यांचं यंत्र कुणी करत असेल तर तेही टेबलाचं काम समजून, टेबलाच्या वेळात करावं. धावण्याच्या खात्यावर ते मांडू नये. या नियमावर मी ठाम आहे, आणि तुमच्या घरीही हा उपयोगी पडेल असं वाटतं.

पीथमपूर_शिफ्ट

मुलांना यात ओढावं की नाही, यावर लिहा कुणीतरी. मुलगा टेबलाजवळ येऊन उभा राहतो.

निवृत्त_तंत्रज्ञ

ओढू नका, जागा द्या. "धर ही वायर" म्हणून मुलाला आपल्या प्रकल्पाचा हमाल करतात लोक, मग ते कंटाळतं. त्याला त्याचा स्वतःचा प्रकल्प हवा, कितीही छोटा. माझ्या नातीला बाहुलीच्या घरात दिवा हवा होता. तांब्याची पट्टी, एक एलईडी आणि दोन पेन्सिल सेल, गरम काहीच नाही. उलटा लावला तर एलईडी पेटत नाही, हे तिचं तिनेच शोधलं. मी बोललो नाही. न बोलणं हेच त्यातलं कठीण काम. स्क्रीनवर करायचं असेल तर स्क्रॅच आहे, ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची मुलांची भाषा.

माळवी_पाऊल

आमच्या दिव्याचे रंग मुलीने ठरवलेत. तिला हिरव्याऐवजी जांभळा हवा होता. माझी आई म्हणाली, मला हिरवाच कळतो. मग दोघींनी बसून तह केला: हवा चांगली असेल तर हिरवा, आणि मुलीच्या वाढदिवसाच्या आठवड्यात जांभळा.

शुक्रतारा

हे फार गोड आहे.

नवा_पळपुट्या, आमच्या संध्याकाळच्या गटात कॉलेजची मुलंमुलीही येतात. हवी तर निरोपात वेळ विचारा. बोलता येईल असा वेग आमचाच आहे, बोलणंच जास्त होतं.

नवा_पळपुट्या

नक्की येतो ताई. घड्याळाचे पैसे वाचले, त्यात बूट घेतो. माळवी_पाऊल दादा, तो धुळीचा सेन्सर किती टिकतो? आणि पावसाळ्यात चालतो का?

माळवी_पाऊल

कंपनी त्याच्या लेझरचं आयुष्य सुमारे आठ हजार तास सांगते. अखंड चालू ठेवलास तर वर्षाच्या आतच संपेल. म्हणून त्याला झोपवून ठेवायचं. दर दहा मिनिटांनी जागं करायचं, पंख्याने हवा नीट ओढायला अर्धा मिनिट द्यायचा, पुढच्या अर्ध्या मिनिटाची सरासरी घ्यायची आणि पुन्हा झोपवायचं. मग तेच तास कितीतरी वर्षं पुरतात. वीज पाच व्होल्टची लागते, पण बोलतो ३.३ व्होल्टवर, त्यामुळे ईएसपी-३२ ला सरळ जोडता येतो, माहिती पाठवण्याचा वेग ९६०० बॉड.

पावसाळ्यात त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस. धुळीचे कण दमट हवेत पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर त्यांना मोठे समजतो, धुकं असेल तर आणखीच. आर्द्रता मोजणारा दुसरा सेन्सर शेजारी लाव आणि हवा फार दमट असेल तेव्हा दिवा विझवून टाक. नाहीतरी आपल्या माळव्यात पाऊस लागला की धूळ बसलेली असते, अडचण काळ्या मातीच्या चिखलाची असते. तेव्हा डांबरी रस्ता धर आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे घालून वाळव.